अपघाताचा क्लेम : उशीर कोर्टात की आपल्याच गटात?

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



या पत्रिकेत माझी लेखणी चालते ती लागणीच्या तारखा, खोडव्यातले पाचट, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर. ते माझे कामच आहे. या वेळी मात्र मी संपादकांकडून वेगळ्या विषयासाठी जागा मागून घेतली. वाहन अपघातात जखमी झालेल्या माणसाला नुकसानभरपाई मिळायला किती काळ लागतो, आणि तो का लागतो, हा तो विषय. ऊस विकास अधिकाऱ्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातले रस्ते रात्रंदिवस ऊस वाहतुकीने भरलेले असतात, ती वाहने करार करून आपणच लावतो, आणि अपघात झाला की पहिला फोन पोलिसांना जात नाही, गट ऑफिसला येतो. तिथे त्या वेळी जो माणूस बसलेला असतो तो काय सल्ला देतो यावर पुढची पाच-सात वर्षे ठरतात. असा सल्ला मी स्वतः एकदा दिलेला आहे आणि तो चुकीचा होता. म्हणून हा लेख.

२०१६-१७ च्या हंगामातली गोष्ट. मी तेव्हा गट अधिकारी होतो. जानेवारीची रात्र, लाईटची रात्रपाळी. एक सभासद, वय चौतीस, मोटर बंद करून मोटरसायकलवर घरी निघालेला. रस्त्यात उसाने भरलेली ट्रॉली टायर फुटून उभी होती. ट्रॅक्टर सोडून ड्रायव्हर टायर आणायला गेलेला. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मागे दोन दगड व त्यावर उसाच्या वाढ्याची पेंढी ठेवलेली. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात त्याला दगडही दिसले नाहीत आणि ट्रॉलीही दिसली नाही. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले.

तिसऱ्या दिवशी गट ऑफिसमध्ये बैठक बसली. ट्रॅक्टरमालकही आपलाच सभासद, शेजारच्याच गावचा, कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, केस झाली तर ट्रॅक्टर पोलीस स्टेशनला लागंल, माझा हंगाम जाईल." खोटे नव्हते. माझ्याही डोळ्यांपुढे त्या टोळीचा थांबलेला फड होता. मी जखमीच्या भावाला समजावले की दोघेही आपलेच, कोर्टकचेरीत आयुष्य जाते, आपसात मिटवा. साठ हजार रुपये ठरले. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून झाले, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यातला एक मी. सगळ्यांनी चहा घेतला. फिर्याद झाली नाही.

आठ महिन्यांनी कळले की हाड जुळलेले नाही. आतला रॉड काढून पुन्हा शस्त्रक्रिया. साठ हजार पहिल्याच बिलात गेलेले. दुसऱ्या वेळी म्हैस विकली, सोसायटीचे कर्ज थकले. मग घरच्यांनी तालुक्याच्या वकिलाला गाठले, उशिरा फिर्याद झाली, आणि २०१८ च्या जुलैत, म्हणजे अपघातानंतर दीड वर्षाने, क्लेम दाखल झाला. निकाल लागला २०२४ साली. एकूण सात वर्षे. गावात सगळे म्हणतात, "कोर्टाने सात वर्षे लावली." पण त्यातले पहिले दीड वर्ष आम्हीच लावलेले आहे, आणि पुढच्या साडेपाच वर्षांपैकी किती त्या पहिल्या दीड वर्षामुळे लागली ते मी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा समजले.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. मोटार अपघाताची भरपाई देण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी (काही तालुक्यांच्या ठिकाणीही) मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असते. आपण त्याला क्लेमचे कोर्ट म्हणतो. सध्याचा कायदा १९८८ चा आहे, त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईविषयीचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. या दुरुस्तीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतच काढून टाकली होती, म्हणून आमच्या सभासदाला दीड वर्षाने अर्ज करता आला. तोच अपघात आज झाला असता तर पहिली लढाई मुदतीवरच झाली असती. या सहा महिन्यांच्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. परंतु त्या भरवशावर कोणी घरी बसू नये.

दुसरी गोष्ट अशी की याच नियमांनी पोलिसांवरही वेळापत्रक घातले आहे. अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत क्लेमच्या कोर्टाकडे गेला पाहिजे. तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वेळापत्रकाची अंमलबजावणी करण्याविषयी सर्व राज्यांना निर्देशही दिले. विमा कंपनीने अहवाल आल्यावर तीस दिवसांत आपण काय देऊ करतो ते सांगायचे आहे. कागदावर पाहिले तर आडसाली ऊस तुटायच्या आत माणसाच्या हातात पैसे पडायला हवेत. तसे होत नाही हे तुम्ही आम्ही जाणतोच. पण नियम आहे एवढे माहीत असले तरी पोलीस स्टेशनला जाऊन "साहेब, आमचा सविस्तर अहवाल गेला का?" असे नम्रपणे विचारता येते. न विचारणाऱ्याचा कागद खाली खाली जात राहतो.

मग कोर्टात इतका वेळ कशात जातो? मी त्या साडेपाच वर्षांत सात-आठ वेळा कोर्टात गेलो. काही वेळा साक्षीसाठी, काही वेळा नुसता त्या माणसाला मोटरसायकलवरून सोडायला. (त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि एस.टी.च्या पायऱ्या चढणे त्याहून अवघड.) जे पाहिले ते सांगतो.

पहिले सव्वा वर्ष नोटिसा बजावण्यात गेले. क्लेममध्ये ट्रॅक्टरचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी तिघांनाही नोटीस जाते. मालक इथलाच. ड्रायव्हर मात्र मराठवाड्यातला, हंगाम संपल्यावर गावी गेलेला, पुढच्या वर्षी दुसऱ्याच कारखान्यावर. नोटीस "सदर इसम मिळून येत नाही" असा शेरा होऊन परत. पुन्हा पत्ता, पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख. आणि या सगळ्या काळात त्या ड्रायव्हरचा पुरा पत्ता, आधारकार्डाच्या प्रतीसह, आपल्या शेती विभागाच्या कपाटात करारपत्राला टाचलेला होता! कोणी मागितला नाही, आणि आम्हालाही द्यायचे सुचले नाही. सव्वा वर्ष. मला आजही याची लाज वाटते.

नंतर कंपनीचे लेखी म्हणणे आले. फिर्याद उशिरा, सबब अपघातच खोटा. अपघात झाला असेल तर या ट्रॅक्टरने नाही. याच ट्रॅक्टरने झाला असेल तर पॉलिसी शेतीकामाची आहे, भाड्याने ऊस वाहायची नाही, आणि ट्रॉलीचा विमाच नाही. यातले पहिले दोन मुद्दे आम्ही स्टॅम्पपेपर करून त्यांच्या हातात दिलेले होते. फिर्याद वेळेवर झाली असती, घटनास्थळाचा पंचनामा झाला असता, तर ट्रॅक्टर कोणता हे सिद्ध करायला वर्ष गेले नसते. शेवटी कशाने सिद्ध झाले? तर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीने. त्या ट्रॅक्टरची ती खेप दुसऱ्या दिवशी उशिरा काट्यावर आली होती, आणि स्लिपबॉयने फडातून सोडताना टाकलेली वेळ चिठ्ठीवर होती. मधला काळ ट्रॉली रस्त्यात होती हे त्यावरून मांडता आले. ही पावती पहिल्या आठवड्यात काढून ठेवता आली असती.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनाची. त्याबद्दल कोणाला बोल लावायचा? पण कोर्ट सुरू झाल्यावरही डॉक्टरांच्या साक्षीसाठी वर्षभर तारखा पडल्या. अपंगत्वाचा दाखला नुसता जोडून भागत नाही. विरुद्ध बाजूने हरकत घेतली की देणाऱ्या डॉक्टरांनी येऊन तो शाबीत करावा लागतो. आमच्या डॉक्टरांची मधल्या काळात दुसऱ्या जिल्ह्यात बदली झालेली. ते आले तेव्हा पंधरा मिनिटांत साक्ष झाली.

इथे एका गोष्टीबद्दल मात्र मी उशिराच्या बाजूने बोलणार आहे. क्लेम दाखल करायला उशीर नको, पण रक्कम पक्की करून मोकळे व्हायची घाई जखमी माणसाने करू नये. मृत्यूच्या दाव्यात नुकसान त्याच दिवशी ठरलेले असते. जखमीचे तसे नसते. हाड जुळेल का, पाय आखूड राहील का, दुसरी शस्त्रक्रिया लागेल का, हे सहा-आठ महिने, कधी वर्षभर कळत नाही. साखरेचा उतारा जसा परिपक्व होण्याआधी तोड केली की मिळत नाही, तशातला प्रकार. उपचार पुरे होऊन डॉक्टर "आता यापुढे सुधारणा नाही" म्हणतात तेव्हाच अपंगत्वाचा आकडा खरा निघतो. म्हणून अर्ज लगेच, आणि अंतिम आकडा उपचार संपल्यावर. आमच्या बैठकीत आम्ही नेमके उलटे केले. अर्ज केला नाही, आणि आकडा तिसऱ्या दिवशी ठरवला.

हा आकडा कोर्ट कसा काढते तेही सभासदांना ठाऊक असावे, म्हणजे दारात आलेल्या माणसाने "पन्नास हजारांत मिटवा" म्हटले की मनात तुलना करता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयाप्रमाणे गुणकाचे कोष्टक पक्के केले. एकवीस ते पंचवीस वयाला अठरा, एकतीस ते पस्तीसला सोळा, एक्केचाळीस ते पंचेचाळीसला चौदा, छप्पन ते साठला नऊ, असे ते उतरत जाते. वर्षाचे उत्पन्न गुणिले गुणक, आणि त्यातून कमाईची ताकद जितके टक्के गेली तेवढी रक्कम. आमच्या सभासदाचे उत्पन्न कोर्टाने महिना दहा हजार धरले, वय चौतीस म्हणून गुणक सोळा, कमाईचे नुकसान तीस टक्के. म्हणजे १०,००० × १२ × १६ = १९,२०,०००, त्याचे तीस टक्के ५,७६,०००. शिवाय दवाखान्याची बिले, सोसलेल्या वेदना, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, हे वेगळे. कुठे ५,७६,००० आणि कुठे आमचे साठ हजार!

यातला टक्क्याचा मुद्दा शेतकऱ्यासाठी कळीचा आहे. डॉक्टर दाखल्यात लिहितात ते शरीराच्या अवयवाचे अपंगत्व. कोर्टाने पाहायचे असते ते त्या माणसाच्या धंद्यात त्याने किती फरक पडला ते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे स्पष्ट केलेले आहे. गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा पाय आखडला आणि बैलामागे सरीत चालणाऱ्याचा पाय आखडला, यात फरक आहे. पण तो फरक कोणीतरी कोर्टाला सांगावा लागतो.

आणि इथेच कंपनीच्या वकिलांनी आपल्याच कारखान्याचा कागद आपल्याच सभासदावर उगारला. अपघातानंतरच्या हंगामाचे ऊसबिल त्यांनी मला दाखवले आणि विचारले, "टनेज कमी झालेले आहे का?" मी म्हणालो, नाही. "मग नुकसान कसले? जमीन जागेवर आहे, ऊसही तेवढाच आला." प्रश्न बिनतोड होता. जमीन कोठे जात नाही, नुकसान मोजायचे ते राबणाऱ्या हातांचे, हेच कोर्टे धरतात. माझ्याकडे उत्तर होते, पण पुरावा नव्हता. पुरावा निघाला त्याच्या बायकोकडे. तिने दोन वर्षे ठेवलेल्या सालगड्याची उचल, पाणी पाजायला लावलेल्या माणसाची हजेरी, भांगलणीच्या बायांचे पैसे, सगळे एका शाळेच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवलेले होते. कोणी सांगितले नव्हते. "उधारी राहाया नको म्हणून लिवलं," म्हणाली. त्या वहीने तीस टक्के मिळवून दिले असे मी मानतो. माझ्या साक्षीने मिळालेले नाहीत.

निकालात त्याचा स्वतःचा वेगही थोडा जबाबदार धरून वीस टक्के कापले गेले. आधी घेतलेले साठ हजारही वजा झाले. हाती यायची रक्कम सहा लाखांच्या आसपास ठरली, त्यावर अर्ज दाखल झाल्या तारखेपासून सालाना सात टक्के व्याज. ही व्याजाची बाब पुष्कळांना माहीत नसते. कोर्टात वेळ लागला तर त्याचे व्याज मिळते, परंतु ते मोजले जाते अर्जाच्या तारखेपासून. अपघाताच्या तारखेपासून नव्हे. सहा लाखांचे सात टक्क्यांनी दीड वर्षाचे व्याज त्रेसष्ट हजार होते. म्हणजे मी मोठ्या शहाणपणाने मिटवून दिलेले साठ हजार, ते मिटवण्यामुळेच गेले, वर तीन हजार खिशातून!

आता दुसऱ्या सभासदाकडे, ट्रॅक्टरमालकाकडे वळतो. कारण त्याचेही नुकसान कमी झालेले नाही, आणि चूक त्याच्या एकट्याची नव्हती. त्याची पॉलिसी शेतीकामाची होती. ट्रॉलीचा वेगळा विमा नव्हता. कोर्टाने हुकूम केला की कंपनीने जखमीला पैसे आधी द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. जखमीच्या दृष्टीने हा हुकूम चांगला, त्याचे पैसे अडकत नाहीत. पण मालकाच्या दारात आता वसुली आली. सहा लाख आणि व्याज. तो मला भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्हीच मिटलं म्हणाला होता." ऊस वाहतुकीचा करार करताना त्याच्या कागदांवर सही माझीच होती. पॉलिसी आहे एवढे मी पाहिले होते. कशाची आहे, ते वाचले नव्हते.

यावर मला सभासदांपुढे आणि संचालक मंडळापुढेही स्पष्ट बोलायचे आहे. आपण हंगामापूर्वी करार करतो तेव्हा उचलीची रक्कम, जामीनदार, टोळीतली कोयत्यांची संख्या बारकाईने बघतो, कारण त्यात कारखान्याचे पैसे अडकलेले असतात. पॉलिसीची झेरॉक्स मात्र फाईलला लावली की झाले. माझे मत असे की ऊस वाहतुकीच्या वापराची पॉलिसी, आणि प्रत्येक ट्रॉलीचा नंबर व विमा, हे पाहिल्याशिवाय वाहनाला हंगामाचा कोड देऊ नये. वाहनमालकांचा हप्ता यामुळे वाढेल, ते कुरकुर करतील, काही वाहने शेजारच्या कारखान्याकडे जातील ही भीतीही खरी आहे. शेती विभागात राहून मी ती भीती रोज अनुभवतो. तरीही सहा लाखांची वसुली सोसणाऱ्या सभासदाचे तोंड पाहिल्यावर मला हप्त्याची कुरकुर हलकी वाटते. हप्त्यातला वाढीव भाग वाहतूक बिलातून हप्त्याहप्त्याने कापता येईल. मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर तर काट्यावरच तपासता येतात. रिकाम्या वजनाच्या वेळी वाहन थांबतेच.

आणखी एक. प्रत्येक गट ऑफिसात अपघाताची एक नोंदवही असावी. तारीख, वेळ, जागा, वाहनाचा नंबर, ड्रायव्हरचा कायम पत्ता, त्या खेपेची चिठ्ठी व काट्याची पावती. कोणाची बाजू घ्यायची नाही, नुसती नोंद. जखमी आपला सभासद असो, तोडणी मजूर असो की रस्त्याने जाणारा परका माणूस असो, त्याच्या घरच्यांनी मागितली की प्रत द्यायची. यात कारखान्याचे काय नुकसान? काही जण म्हणतील, आपण होऊन आपल्या वाहनाविरुद्ध पुरावा कशाला द्यायचा. माझे उत्तर असे की वाहनाचा विमा त्यासाठीच असतो. विमा नीट असेल तर पैसे कंपनी देते, आणि वाहनमालकालाही नोंद लपवण्याचे कारण उरत नाही.

तोडणी मजुरांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बीडकडच्या टोळीतला माणूस इथे जखमी झाला तर त्याला क्लेमसाठी इथे खेपा घालाव्या लागत नाहीत. अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. गाडीबैलाला मोटारीने धडक दिली तर गाडीवानाच्या जखमांबरोबर बैलाचीही भरपाई मागता येते. मात्र बैल पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्यावे. ठोकर देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूला दोन लाख व गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करावी. मे २०२५ पासून केंद्राची आणखी एक योजना आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार ठरावीक दवाखान्यांत रोख न भरता. दाखल करतानाच हे विचारावे. आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना मृत्यू वा अवयव गमावण्यासाठी आहे, नुसत्या मोडलेल्या हाडासाठी नाही. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तोही लगेच. या सगळ्या योजना क्लेमच्या जागी नाहीत, क्लेम वेगळाच करायचा असतो.

लोकअदालतीबद्दल मला नेहमी विचारतात. मी तिच्या बाजूचा आहे, पण सरसकट नाही. राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीचे अधिकारी आकडा घेऊन बसलेले असतात, तडजोड झाली तर निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे पैसे लवकर येतात. एरवी निकालानंतरही कंपनी किंवा अर्जदार उच्च न्यायालयात जाऊ शकतात, आणि तिथली वर्षे वेगळी. आपल्या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, त्यामुळे मुंबईची वारी तरी वाचली. तेव्हा ज्याचे हाड नीट जुळले आहे, दाखला हातात आहे, त्याने वरच्या रीतीने आकडा मांडून पाहावा आणि थोडे कमी मिळत असले तरी लोकअदालतीत घ्यावे. ज्याचा पाय काढावा लागला, ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या आधाराने उठावे लागणार, त्याने मात्र पहिल्याच आकड्याला हो म्हणू नये. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. "मिळेल त्यातले इतके टक्के" अशा बोलीवर वकीलपत्र देऊ नये, ती बोली वकिलांच्या नियमांतही बसत नाही.

हे सर्व लिहिताना मला कोणी विचारले, तुम्ही आता अधिकारी झालात, आपलीच चूक छापून कशाला घेता? जखमी सभासद अजून ऊस घालतो आपल्याला. पाय दीड इंच आखूड आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही, उलट या दिवाळीला फराळाचे पाठवले. ट्रॅक्टरमालक मात्र समोर आला की दुसरीकडे बघतो. त्याच्या वसुलीला हप्ते पाडून मिळावेत असा अर्ज केलेला आहे, त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

वर सुचवलेल्या पॉलिसी तपासणीचा आणि नोंदवहीचा प्रस्ताव मी शेती समितीकडे लेखी दिलेला आहे. वार्षिक सभेत तो विषयपत्रिकेवर यावा अशी ज्या सभासदांची इच्छा असेल त्यांनी आपल्या गटाच्या संचालकांकडे तसे सांगावे. तोपर्यंत, ज्यांचे क्लेम चालू आहेत आणि ज्यांना खेपेची चिठ्ठी, काट्याची पावती, ऊसबिलाचा उतारा किंवा ड्रायव्हरचा पत्ता पाहिजे, त्यांनी दावा नंबर, अपघाताची तारीख आणि कारखान्याचा वाहन कोड घेऊन शनिवारी दुपारी तीननंतर शेती ऑफिसला यावे. जुन्या हंगामांची करारपत्रे वरच्या माळ्यावर आहेत, शोधायला थोडा वेळ लागतो, पण सापडतात.